वीज गेल्यानंतरचा अर्धा भाग

नाशिक,
६ मार्च २००५

प्रिय सुरय्या,

मालेगावात तुझं शिलाई मशीन आणि धाकट्या फरहानचा दंगा, दोन्ही जोरात असतील. मी ठीक आहे. म्हणजे आता ठीक आहे. परवा मुंबईत टीव्ही वाहिनीच्या कचेरीत मी लिहिलेली मालिका घेऊन बसले होते, तेव्हा हातरुमाल पिळावा इतका ओला झाला होता.

मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमधले आपले रविवार आठवतात ना? तुमच्या घरचा टीव्ही, त्यावर ती अंतराळयानाची मालिका, आणि ऐन रंगात आली की वीज गायब. मग उरलेला भाग आपणच रचायचो. एकदा मी यान सरळ ग्रहावर उतरवायला निघाले, तर तू ओरडलीस, "येडी, लाइन क्लिअर मिळाली का? स्टेशनाबाहेर, आउटर सिग्नलला उभं कर!" तुझे अब्बा केबिनमन, पुढचा रस्ता मोकळा असला तरच लाइन क्लिअर देणारे; तुला यान काय नि मालगाडी काय, सारखंच. पुढच्या रविवारी ते यान खुशाल उतरलेलं दिसायचं आणि तू टीव्हीलाच झापायचीस, "यांच्याकडे केबिनमन नाही वाटतं!"

माझी मालिका त्यातूनच आली. अंतराळातलं एक जंक्शन, आउटरला खोळंबलेली यानं आणि सगळ्यांना रस्ता देणारी एक केबिनवाली. लिहिताना मात्र सारखी धाकधूक, त्या जुन्या मालिकेतलं तर उतरत नाही ना? आमच्या घरात शाळेत गेलेली पहिली मी. पण दुसऱ्याचं उचलू नये, हे अंगठा लावणाऱ्या आईनंच शिकवलं. म्हणून जुन्या मालिकेच्या सीडी मिळवून सगळे भाग पुन्हा पाहिले.

वाहिनीच्या साहेबांनी नेमकं तेच विचारलं, "मॅडम, हे त्या जुन्या मालिकेवरून घेतलंय ना?" मी खरं ते सांगितलं. यानांचं वेड तिथलंच. जंक्शन मात्र त्यात कुठेच नाही, ते वीज गेल्यानंतरचं आहे. आणि त्यातलं अर्धं माझ्या मैत्रिणीचं आहे. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "मग तिचं नाव कुठाय?"

सुरय्या, मालिका मंजूर झाली! पडद्यावर कथेखाली आधी तुझं नाव, मग माझं, असं मी सांगून आले. तुझ्या होकाराशिवाय नाव टाकू नका, असंही बजावलंय. त्यासाठीच हे पत्र. मिळाल्याबरोबर फोन कर आणि लाइन क्लिअर दे. जूनमध्ये पहिला भाग लागेल, तेव्हा मालेगावात वीज जाणारच. जाऊ दे. पुढचं तुला माहीत आहे.

आउटरला उभी असलेली,
तुझीच
आशा