सगळ्यांच्या मागे

सोमवार, ४ ऑक्टोबर

पोचले एकदाची! स्फाक्सहून तासाभराची बोट, आणि उतरून पाहते तर केर्केना म्हणजे नुसतं आभाळ. बेट इतकं सपाट की चढ शोधून सापडायचा नाही. दवाखान्याचं औषधांचं कोठार आजपासून माझ्या ताब्यात. राहायला गच्चीवरची खोली, खिडकीतून समुद्र आणि वाळत घातलेले ऑक्टोपस, कुणी धुतलेले मोजे टांगावेत तसे.

शेजारीण विदाद शाळेत शिकवते. बोलायला लागली की श्वास घ्यायचा विसरते. आल्या आल्या तिने जवाची भाकरी, हरिसाची तिखटजाळ चटणी आणि ऑलिव्हचं तेल आणून ठेवलं, आणि माझ्या पोटऱ्यांकडे बघून म्हणाली, अगं ओल्फा, ह्या कुठल्या बाजारातून आणल्यास? मी सांगितलं, नऊ वर्षं सायकल चालवते, स्फाक्स ते महदिया एका दमात जाते. तिचे डोळे चमकले. म्हणाली, सोम-बुध-शुक्र साडेचारला इथे नवशिक्यांचा धावण्याचा वर्ग असतो, आठ आठवड्यांचा, तू यायचंच. मी म्हटलं, मी कसली नवशिकी? तर म्हणते, सायकलवर राणी असशील बाई, पायांवर अजून रांगतेस.

बुधवार, ६ ऑक्टोबर

वर्ग घेतात लसाद, आदराने सगळे ‘सी लसाद’ म्हणतात. शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे मास्तर, चौसष्ट वर्षांचे, उजव्या गुडघ्याला पट्टा. आम्ही सहा जण. गावाबाहेर खाजणातून जुन्या बुरुजापर्यंत जायचं आणि परत यायचं. एक मिनिट धावायचं, शिट्टी वाजली की दोन मिनिटं चालायचं. असं आठ वेळा. मला हसू आवरेना. घामसुद्धा आला नाही.

सी लसादांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, मुली, तुझा दम घोड्याचा आहे, पण नडग्या अजून गादीवरच्या. दम चार आठवड्यांत वाढतो, हाडाला महिने लागतात. धडधाकट माणसंच आधी मोडतात, त्यांना चालायची लाज वाटते ना.

मग म्हणाले, तुला जमणारं आहे, तर तू सगळ्यांच्या मागे राहा. बोलणं साधंच, पण विदादची टकळी एकदम बंद झाली. बेकरीवाले बशीर, जे पळताना परातीतल्या कणकेसारखे डुचमळतात, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून अल्लाह तुला ताकद देवो म्हटलं. किती मायाळू माणसं!

सोमवार, ११ ऑक्टोबर

चालायचा फार कंटाळा येतो. आज मी मागच्या मागे शिट्टीनंतरही जागेवर पळत राहिले. तेव्हा कळलं की माझ्यामागे आणखी कुणीतरी धावतंय.

मी थांबले. तो आवाज थांबला नाही. हलकी, भराभर पडणारी अनवाणी पावलं. वळून पाहिलं तर रिकामं खाजण. प्रतिध्वनी म्हणावा तर तिथे भिंत कुठली? पुढचे पाच जण मान खाली घालून चालत होते. एकानेही मागे पाहिलं नाही.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

परतताना मुद्दाम मिठाच्या ओल्या थरावरून पळाले आणि मग मागे जाऊन ठसे पाहिले. माझ्या बुटांचे ठसे. त्यांच्या आत, बरोबर मधोमध, अनवाणी चवड्यांचे. टाच कुठेच टेकलेली नाही.

सी लसादांना दाखवायला बोलावलं. ते आले नाहीत. लांबूनच म्हणाले, अंधार पडायच्या आत घरी जा, ओल्फा.

सोमवार, १८ ऑक्टोबर

डाव्या नडगीत कळ. एका जागी बोट दाबलं की डोळ्यांत पाणी येतं. औषधं देणाऱ्या बाईला हे कळायला डॉक्टर नको, हाड कुरकुरतंय. आज वर्गाला गेले नाही.

पाचच्या सुमाराला दवाखान्यात गोळ्या मोजत होते. बाहेरच्या फरशीवर पावलं आली. भराभर, हलकी. दरवाजापाशी आली आणि जागच्या जागी धावत राहिली. रांगेतल्या म्हातारीला काही ऐकू आलं नाही. ती खोकल्याचं औषध मागत होती.

मी मागच्या दाराने निघाले आणि बुरुजापर्यंत पळाले. अर्ध्या वाटेवर पावलं लांब गेली. म्हणजे धावलं की लांब जातं. थांबलं की—

बुधवार, २० ऑक्टोबर

विदादला धरलं. आधी रडली, मग सगळं ओकली.

ते नेहमी शेवटच्या माणसामागे असतं. कधीपासून, कुणाला ठाऊक नाही. एका वर्षी सगळ्यांनी ठरवून धावणं बंद केलं, तेव्हा ते गावात आलं. तीन घरं गेली. तेव्हापासून हा वर्ग. दरवर्षी नवे नवशिके, आणि मागे ठेवायला एखादा दमदार. माझ्याआधी रीम होती, दवाखान्यातली नर्स. जानेवारीत तिचा पाय मोडला. खोलीला आतून कडी होती. दार फोडलं तेव्हा आत फक्त तिचे बूट. सगळ्यांना सांगितलं, स्फाक्सला बदली झाली. त्यानंतर नऊ महिने सी लसाद स्वतः मागे होते, त्या गुडघ्यावर.

मी विचारलं, सुटका कशी? म्हणाली, तुझ्यामागे दुसरं कुणी धावलं की ते त्याच्या मागे लागतं. मी म्हटलं, मग धाव ना माझ्यामागे! तिने दोन्ही मुलांना जवळ ओढलं. 

शनिवार, २३ ऑक्टोबर

सामान भरून सकाळच्या बोटीवर चढले. बोट सुटायच्या आधीच डेकवर पावलं. वरून खाली, खालून वर. बोटीवर तासभर पळणार कुठे? भोंगा वाजायच्या आत उतरले. धक्क्यावरचा कोळी हसला, म्हणाला, आमच्या बेटाची सवय झाली वाटतं!

सी लसादांच्या घरी गेले. गुडघा उशीवर, कलिंगडाएवढा सुजलेला. माझे हात धरून म्हणाले, मला शिव्या घाल, मुली, थुंक माझ्यावर, पण मागे ये म्हणू नकोस. घातल्या शिव्या. मग त्यांच्या बायकोने दिलेला चहा प्यायले. उभ्यानेच, पाय हलवत.

बुधवार, २७ ऑक्टोबर

पहाटे एकदा. दुपारी एकदा. संध्याकाळी वर्ग. मधल्या वेळात तासभर झोप, मग परत ते खिडकीखाली. दम आहे, चिकार आहे. हाड नाही. पट्टी, मलम, दुप्पट गोळ्या. लंगडत पळते. लंगडं पळणं त्याला धावणं वाटत नाही बहुतेक — दर दिवशी जवळ —

शनिवार, ३० ऑक्टोबर

वाएल आला. धाकटा भाऊ, स्फाक्सला हँडबॉल खेळतो. फोनवर माझा आवाज ऐकून न सांगता आला. ताई, तू वाळलेल्या ऑक्टोपससारखी दिसतेस, म्हणाला. आईने दिलेला डबा उघडला. मी घास हातात घेऊन खोलीत फेऱ्या मारत होते.

सी लसाद दारात येऊन गेले. वाएलच्या पायांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.  त्यांच्या मनातलं कळलं.

एकदाच. उद्या पहाटे नुसतं म्हणायचं, चल, पळून येऊ, तू मागे राहा.

छे. नाही. ह्याला मी कडेवर घेऊन वाढवलंय.

रविवार, ३१ ऑक्टोबर

हाकलला त्याला. वाट्टेल ते बोलले. तू ओझं आहेस म्हटलं, आईचा डबासुद्धा परत दिला. त्याने पिशवी उचलली.

मी धक्क्यावर पुढे लंगडत पळत होते, त्याने यायच्या आत तिकीट काढायला. मागे त्याचे बूट वाजले. हसत, अगदी लहानपणीसारखा, पकडली म्हणत — राग विसरून — माझ्यामागे धावला. मिठी मारली. बोटीत चढला.

बोट दिसेनाशी झाल्यावर लक्षात आलं. शांत आहे. सगळीकडे शांत.

देवा, मला आधी बरं वाटलं. आधी बरं वाटलं मला.

फोन केला. सगळं सांगितलं. हसला. ताई, झोप काढ, म्हणाला.

सोमवार, १ नोव्हेंबर, सकाळी सहा

वाऱ्यामुळे बोटी बंद. कोळी कुणी न्यायला तयार नाही. मला फक्त वाएलच्या मागे जायचंय. दहा पावलं. दहा पावलं त्याच्यामागे धावले की ते परत माझं.

साडेसात

वाएलचा फोन. आता हसत नाही. रात्रभर रस्त्यांवर पळाला, पायाला गोळे आलेत, घरात शिरून कडी लावलीय. म्हटलं, बाहेर पड, धाव. म्हणतो, जिन्यात आहे ते. वर येतंय.

आठ

वारा तसाच. एका कानाला फोन, लिहितेय, नाहीतर वेड लागेल — कुजबुजतोय — पावलं थांबली म्हणतो, दाराशी. म्हणतो, ताई, बोटी बंद असून तू आलीस कशी — तुझाच आवाज, तू दाराबाहेरून हाक मारते आहेस — मी ओरडतेय, मी इथे आहे, वाएल, मी इथे धक्क्यावर, उघडू नकोस — त्याला माझं ऐकू — आलो ताई, आलो, म्हणतोय — आणि कडी —