छावणीजवळ घर बघणे

३ डिसेंबर
सकाळी दवाखाना. बी.पी. वाढलेलाच. गोळी बदलली. येताना मेथीची जुडी घेतली. दुपारी पडून होते.
संध्याकाळी पुण्याहून मनीचा फोन. "आई, तू तिथं एकटी. मला झोप लागत नाही." मग झोप न लागण्याबद्दलच बराच वेळ बोलली. तिचं म्हणणं, मिलिटरी हॉस्पिटल जवळ असेल अशा गावात मी राहायला जावं. पुणं नको. भाडं झेपायचं नाही, आणि तिच्याकडे आधीच सासूबाई हॉलमध्ये झोपतात. लहान गाव, पण छावणी असलेलं. नगर किंवा बेळगाव. देवळालीचंही नाव काढलं, मग स्वतःच म्हणाली, तिथं आपलं कोण आहे.
बघू म्हणाले.
मनीच्या वडिलांना, सुभेदारांना, जाऊन सहा महिने झाले. सगळं जग त्यांना सुभेदार म्हणायचं, मीही. इथं नुसतं सु. लिहिते.

५ डिसेंबर
मनीनं सगळीकडे कळवलेलं दिसतं. सकाळी चूल पेटायच्या आत नगरहून विलासभावजींचा फोन. सु.चे धाकटे भाऊ.
"वैनी, नगरला या. हितं सगळं हाय."
म्हटलं, अजून वर्षश्राद्ध व्हायचंय. वर्षाच्या आत घर कसं हलवायचं? दिवाळीत मी वाटीभर शेव केली तेव्हा याच भावजींनी फोनवर ऐकवलं होतं की वर्षाच्या आत घरात तळण काढू नये.
"आवो, फौजी माणसाचं वर्ष सहा महिन्यांत होतं. त्यांचं समदंच लवकर असतंय."
फोन ठेवता ठेवता, "कार्ड आलं का?"
मिलिटरी कॅन्टीनचं कार्ड. सु.चं बंद होऊन आता माझ्या नावाचं येणार. तेराव्यालाही त्यांनी हेच विचारलं होतं. तोंडात लाडू होता.

१० डिसेंबर
कार्ड आलं. फोटोत मी काहीतरी चोरून आणल्यासारखी दिसते.
कार्डावर साबण, चहा, कुकर असं सगळं मिळतं, आणि महिन्याच्या दारूच्या बाटल्या. सु. दर महिन्याला नगरला जाऊन आणायचे. छावणी बघून आले की दोन दिवस खूश. स्वतः शनिवारी एक पेला घ्यायचे, तेवढंच. बाकी सगळं भावजींकडे, दत्ताकडे, कधी जावयाकडे. कोणाला काय द्यायचं ते त्यांच्या डोक्यात पक्कं असे. आमच्या नातेवाइकांत कधी भांडणं झाली नाहीत. ते माझ्या स्वभावामुळे असं मी इतकी वर्षं समजत होते.
आता कार्ड घेऊन मलाच काउंटरसमोर उभं राहावं लागणार. दुसऱ्याच्या हाती दिलं तर चालत नाही.
रात्री भाऊ दत्ताचा बेळगावहून फोन. त्याला कार्डाचं कसं कळलं कोण जाणे. "अक्का, बेळगावला ये. हवा बघ हितली! सोलापूरच्या उन्हात कशाला भाजून घेतीस?" म्हटलं, मला कानडी येत नाही. "मराठी चालतंय की. आन तसंही तू बोलतीस कुटं?"

१२ डिसेंबर
दत्तानं मोबाइलवर फोटो पाठवले. एक झाड. एक रस्ता. कुंद्याच्या मिठाईचा डबा. मग तोच रस्ता पुन्हा, पण त्यात तो स्वतः उभा. हॉस्पिटलचा फोटो मागितला. कॅन्टीनच्या फाटकाचा आला.
शेजारच्या रझियाभाभींना दाखवले. त्यांनी चष्मा लावून सगळे नीट पाहिले. "वैनी, झाड तो इधर भी है. और ऐसा तैयार झाड बेलगाम में किधर मिलेगा?"
आमच्या दारातला कडुलिंब. सु. वर्षातून दोनदा, पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आधी, त्याच्या बुंध्याला गेरू आणि चुना लावायचे. खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा. छावणीत सगळी झाडं अशीच असतात म्हणे. मग कुंड्यांना. मग वाफ्याभोवतीच्या दगडांना. एकदा भाभींची बकरी जवळ उभी होती, तिलाही लागला. भाभी अजून सांगतात, सुभेदारसाब ने मेरी बकरी को फौज में भरती करा.
या पंधरा ऑगस्टला कोणी लावला नाही. आता झाड नेहमीच्या झाडासारखं दिसतं.

१८ डिसेंबर
उद्या नगर. कडक भाकरी बांधून घेतल्या, शेंगाचटणी दोन डबे. भाभी म्हणाल्या, देख के आव, लेकिन हाँ नक्को बोलो.
मी कुठं काय बोलते.

१९ डिसेंबर
एस.टी. अर्धं तिकीट. टेंभुर्णीला चहा. करमाळ्यानंतर झोप लागली. स्टँडवर भावजी हजर. आजवर कधी न्यायला आले नव्हते. पिशवी माझ्या हातातून ओढूनच घेतली आणि हलवून पाहिली. आत भाकरी होत्या.
दुपारी तीन घरं दाखवली. एक तळमजला, एक पहिला मजला, एक कोणाचं तरी गॅरेज. तिन्ही कॅन्टीनच्या रस्त्यावर. म्हटलं, हॉस्पिटल कुठाय?
"हाय की. तिकडं."
"चालत?"
"चालत कशाला, रिक्षा हायेत. पर कॅन्टीन बघा, हितनं हाक मारली तर ऐकू जाईल."
कॅन्टीनला हाक कशाला मारायची, विचारलं नाही.
रस्ते स्वच्छ. दोन्ही बाजूंना झाडं, सगळी गेरू-चुन्याची, एका रेषेत. पट्टे इतके सरळ की बघत उभी राहिले. भावजींना वाटलं घर आवडलं.

२० डिसेंबर
सकाळी कॅन्टीन. भावजी दोन पिशव्या घेऊन आले, एकीत वर्तमानपत्रांचे थर नीट लावलेले. "बाहेर थांबतो वैनी. तुमी सावकाश." जावेनं, शैलानं, दारातूनच त्यांच्याकडे बघून डोळे वटारले. ती फार बोलत नाही. त्या घरात भावजीच इतकं बोलतात की कोणाचा नंबर लागत नाही.
आत निवृत्त लोकांची रांग. टोप्या, मफलर, एकाच्या अंगावर कोट आणि पायात स्लीपर. कोणी विचारलं, "ताई, साहेब कोणत्या युनिटचे?" मी सांगितलं. त्यांनी मागं वळून सांगितलं, त्यांनी आणखी मागं. सगळ्यांनी बाजूला होऊन मला पुढे केलं.
पुढे बाकावर पाच-सहा बायका. सगळ्या माझ्यासारख्याच, कार्ड हातात. एक श्रीगोंद्याची, एक पाथर्डीची. पाथर्डीच्या बाईंनी हसून विचारलं, "पहिल्यांदा? मग बाहेर दीर उभा असेल." मी चमकले. "माझा भाचा असतो. या बाईंचा जावई." श्रीगोंद्याच्या म्हणाल्या, "माझे तर व्याही येतात हो. लग्नात मानपानावरून रुसले होते, आता दर महिन्याला चौकशी करतात, विहीणबाई, तब्येत कशी?" सगळ्या हसल्या. मीही हसले. किती दिवसांनी आवाज करून हसले, माझं मलाच विचित्र वाटलं.
बाटल्यांची खिडकी वेगळी. तिथं सगळे पुरुष. तिकडं उभं राहायची लाज वाटली, म्हणून गेले नाही. एवढंच कारण. बाकी मनात काही नव्हतं.
थोडं होतं.
साबण घेतले, चहा, बिस्किटं, एक कुकर. बाहेर भावजींनी वर्तमानपत्रांची पिशवी दोन्ही हातांनी, लेकरू घ्यावं तशी घेतली. काही वाजलं नाही. पुन्हा हलवली. मग आत डोकावून बघितलं.
"कुकर?"
"पाच लिटरचा," मी म्हटलं.
घरापर्यंत एक शब्द नाही. शैलाचा नंबर लागला. ती म्हणाली, "वैनी, कुकर छान आहे."

२१ डिसेंबर
परत. स्टँडवर सोडायला भावजी आले नाहीत, त्यांच्या पोटात दुखत होतं. शैला आली. कुकर मी तिलाच ठेवून आले.

२८ डिसेंबर
आठवडा झाला. भावजींचा फोन नाही. दत्ताचाही नाही. नगरची बातमी बेळगावला एस.टी.च्या आधी पोचली असणार. मनी विचारते, "आई, सगळे एकदम गप्प का? तू काही बोललीस का कोणाला?"
म्हटलं, नाही. खरंच नाही बोलले.

४ जानेवारी
आज एक आठवलं. निवृत्तीनंतर सु. स्वतः नगरला घर बघायला गेले होते. आधी वर्षभर रोज तेच, छावणीत राहू, पहाटे बिगूल ऐकू येईल. चार दिवसांसाठी गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत. काय झालं विचारलं तर बराच वेळ बूट काढत बसले. मग म्हणाले, "तिथं दगड मारला तर सुभेदारालाच लागतो."
पुन्हा नगरचं नाव काढलं नाही. महिन्याला एकदा जायचे, बघून यायचे.
इथं गल्लीत ते एकटेच सुभेदार. नळाला पाणी कधी येणार हेसुद्धा लोक त्यांना विचारायचे, आणि ते सांगायचे. चुकलं तर पाण्याला रागवायचे. मला अजून सगळे सुभेदारीणबाई म्हणतात. भाजीवालासुद्धा. नगरला त्या बाकावर मी सहावी होते.
पण त्या बाकावर हसले. तेही खरं.

१४ जानेवारी
संक्रांत. गड्ड्याच्या जत्रेत पाळणे लागलेत, कर्णे इथपर्यंत ऐकू येतात. समोरच्या वहिनींकडे हळदीकुंकू. मला बोलावणं नव्हतं, ते बरोबरच. वाणाचा डबा मात्र घरी आला, झाकण हिरवं. दरवर्षी मी पहिली जायचे आणि सगळ्यांत आधी निघायचे, तरी आज घरात बसवेना.
भाभी आल्या. "तिलगुल दो, वैनी. मेरा तो हर साल का है." मी केलाच नव्हता. वर्षाच्या आत कसा करायचा? त्या उठल्या, डब्यातला गूळ हुडकला, तीळ माझ्याच फळीवरून काढले, हातानं कालवून माझ्या तळहातावर ठेवले. "मैं करी. तुमने नहीं करा. अब गोड बोलो."
गोड तर सोडाच, मला काहीच बोलता आलं नाही. त्यांनी तेही चालवून घेतलं.

२० जानेवारी
चक्कर आली. न्हाणीघरात. भिंत धरली. पडले नाही. मनीला सांगितलं नाही.
भाभींना सांगितलं. पहिल्यांदाच त्या काही विनोद करेनात. म्हणाल्या, "मेरे से तुमको उठाना होता क्या, वैनी? मेरे घुटने देखो." बराच वेळ बसल्या. जाताना, "अस्पताल कौन से गाँव में पास है, वो देखो. झाड बाद में."

२३ जानेवारी
शैलाचा फोन. तिनं कधी आपणहून केलेला आठवत नाही.
"वैनी, आमची वरची खोली रिकामी होतेय. भाडेकरू चालला. हॉस्पिटल तिथनं जवळ आहे, मी परवा चालून बघितलं."
मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.
"ह्यांना मी सांगितलंय, वैनी आल्या तर कार्डाचं नाव काढायचं नाही. साबणसुद्धा मागायचा नाही."
मागून भावजींचा आवाज, "साबण मागितला तर काय होतंय?"
"गप बसा हो." मग मला, हळू, "तुम्ही आलात तर मला बोलायला कोणीतरी होईल."
मी? बोलायला? पण हसले नाही. तिचा आवाज तसा नव्हता.
खोलीला दुसरे लोकही विचारतायत. सोमवारपर्यंत थांबते म्हणाली.

२४ जानेवारी
मनी : "आई, ठरलं का?" उद्या सांगते म्हणाले.
दत्ताचा मेसेज, बेळगावचं तेच झाड. खाली लिहिलंय, पाऊस छान असतो हितं. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते मला येतं.
भाभींना शैलाचं सांगितलं. ऐकून घेतलं. "देवरानी अच्छी है." एवढंच. मग चहात साखर जास्त घातली आणि प्यायल्या नाहीत.

२५ जानेवारी
रविवार. सकाळी अंगण झाडलं. दुपारी शैलाला फोन लावावा म्हणून मोबाइल घेतला, पुन्हा ठेवला. उद्यापर्यंत वेळ आहे.
माळ्यावरून सु.ची बादली काढली. तळाला जुना गेरू वाळून बसलेला, पाणी घालून ढवळला तर सुटला. चुना दुकानातून आणला. दुकानदार म्हणाला, "सुभेदारीणबाई, भिंतीला का?" म्हटलं, झाडाला. त्यानं वर थोडा घातला.
आधी चुना लावला. मग आठवलं, आधी गेरू असतो. सु. पट्ट्यासाठी सुतळी बांधायचे, ती सापडली नाही, म्हणून अंदाजानंच. समोरून पट्टा सरळ दिसतो. भाभींच्या दारातून वाकडा दिसेल. स्टुलावर बसत, उठत, अंधार पडेपर्यंत झालं. दगड राहिले.
हात धुतले. ब्रश धुतला, झटकला, आणि ते ठेवायचे तसा डब्यात दांडा खाली करून ठेवला.