खोलीत नसलेली मांजर

ति. मावशीस,

वाकून नमस्कार. गुडघा आता जिने चढू देतो का? काका अजून चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात ना? तुझ्या मांजरीची, म्हणजे राणीसरकारांची, खुशाली मात्र मी विचारणार नाही. त्यांच्यापायी माझ्यावर काय बेतलंय ते वाच, म्हणजे कळेल.

विद्यापीठात चिप बनवायला शिकायचं म्हणून आले, तर सुरुवातीचे दिवस गेले कपडे घालायला शिकण्यात! स्वच्छ खोलीत शिरताना आधी टोपी, मग मास्क, मग गळ्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, बूट, हातमोजे. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पावडर नको, काजळ नको, पेन्सिल नको, नाक खाजलं तर खाजू द्यायचं. (एरवी मला कधी खाजत नाही. तिथे पाऊल टाकलं की खाजतं.) लोकरीलाही बंदी आहे, पण मला वाटलं ती वरच्या कपड्यांना असेल, आतलं कोण बघतंय? छतातून सारखा गार वारा सोडतात. माझे दात वाजायला लागले, म्हणून तू विणलेला निळा स्वेटर झग्याच्या आत चढवला. यात माझं काय चुकलं, सांग!

परवा सरांनी आमच्या गटाची सिलिकॉनची चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि किंचाळलेच. चकतीवर केस! तिथे तो ओंडक्याएवढा दिसत होता. हा माणसाचा नव्हे, मांजरीचा आहे, असं सरांनी जाहीर केलं. मग ज्या खोलीत डाससुद्धा शिरू शकत नाही, तिथे चांगली शिकलीसवरलेली माणसं यंत्रांखाली वाकून मांजर शोधू लागली. (मीही शोधत होते. उगाच वेगळेपणा नको.) मांजर सापडेना, तेव्हा एकेकाला विचारलं, तुमच्याकडे मांजर आहे का? मी नाही म्हणाले. त्यात खोटं काय? मांजर तुझी आहे. पण नेमकी तेव्हाच माझ्या मनगटाशी निळी लोकर डोकावली.

झालं! स्वेटर जप्त, मी बाहेर. सोमवारी चिपच्या कारखान्याची माणसं नोकरीसाठी निवड करायला येणार, आणि खोलीतलं काम पुरं नसलेल्यांना सर त्यांच्यासमोर बसवणारसुद्धा नाहीत. बाकीचे आत यंत्रं चालवतात, मी काचेला नाक लावून बघते. चोर सोडून संन्याशाला फाशी! केस गाळला राणीसरकारांनी, शिक्षा मला. आणि कहर म्हणजे, माझा स्वेटर सर केबिनमध्ये स्वतः घालून बसतात. (तू तो वाढत्या अंगाचा विणलास. मी काही वाढले नाही, सरांना मात्र अगदी मापात बसतो.) मला नको असली पदवी. मी घरी येते आणि तुझ्याजवळ लोकर गुंडाळत बसते.

तुझी संतापलेली भाची

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं आणि सोमवार उलटला. आमच्यातला एकजण तापाने पडला, रिकामी खुर्ची वाईट दिसते म्हणून सरांनी मला बसवलं. कारखान्याच्या बाईंनी विचारलं, चकतीवर केस सापडला तर आधी काय तपासाल? बाकीचे वारा, पाणी, छतातल्या जाळ्या सांगत बसले. मी म्हणाले, माणसांच्या बाह्या. माझी निवड झाली. घरी येत नाही. आईजवळ यातलं काही बोलू नकोस.

ता. क. दुसरा. सर स्वेटर परत द्यायचं नाव काढत नाहीत. त्यांच्यासाठी एक नवा विणून पाठव, म्हणजे माझा सुटेल. आणि विणताना राणीसरकारांना लोकरीच्या टोपलीतून मुळीच उठवू नकोस. मनसोक्त लोळू देत.