काळ्या माशाच्या जबड्यावरचे ओरखडे

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण सहावी, धंदा शाळा-कॉलेजांना जीवाश्मांच्या प्लास्टरच्या नकला करून देणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी आज सकाळी वार, तारीख आणि नातवाचे वय विचारून तशी खात्री करून घेतली. मला कोणी दमदाटी केलेली नाही. हात थरथरतो तो वयाने, म्हणून अक्षर वाकडे आहे. त्यावरून कोणी कोर्टात जाऊ नये.

१. राहत्या दोन खोल्या मुलाला. मागची कामाची खोली पाडून तिथे गाडी ठेवायचे त्याच्या मनात आहे. माझ्यादेखत त्याने टेप लावून भिंत मोजली. विचारले तर म्हणाला, सहज.

२. म्हणून कामाची खोली, सगळे साचे, सुऱ्या, ब्रश आणि रंगांचे डबे सुनेला. भिंत पाडायची तर आता तिला विचारावे लागेल. हे मुद्दाम केले आहे. या घरात माझे काम फक्त तिला कळले. तिने रंगवलेले शंख बघून एका शाळेने फोन केला होता की चुकून खरे आलेत का. सूनबाई, रबराचे साचे उन्हात ठेवू नकोस, ताठरतात. दगडी किड्याचा साचा डावीकडे फाटला आहे, हळू सोडव.

३. बँकेत जे काही आहे ते मुलाला आणि मुलीला सारखे. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

४. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, भुशात ठेवलेला काळा मासा मुलीला. हा मासा अस्सल आहे. कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

एकतीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या प्राध्यापकसाहेबांनी तो नक्कल करायला माझ्याकडे दिला. पाटीसारखा काळा दगड, त्यात वीतभर मासा, एकेक खवला मोजून घ्यावा असा. माझी पद्धत अशी, की नक्कल पुरी झाली आणि माझ्या पसंतीला उतरली, की तिच्या पाठीवर खिळ्याने फुली करायची. म्हणजे खऱ्याखोट्याची गल्लत होत नाही. पहिला नग ओतला, वजनासाठी पोटात लोखंडी पट्टी घातली, रंगवला. कडा साफ करताना दातेरी पाते सटकले आणि जबड्यावर तीन ओरखडे उठले. वरून रंगाचा हात फिरवून पाहिला. झाकले जाईनात, उलट फार जुने दिसू लागले. नग बाद म्हणून बाजूला ठेवला. बाद नगावर मी फुली करत नसे. माझी चूक तेवढीच.

मी प्लास्टरची गोणी आणायला गेलो असताना साहेब घाईत आले आणि टेबलावरचा बिनखुणेचा मासा उचलून घेऊन गेले. खरा भुशात होता. तिसऱ्या दिवशी तो घेऊन मी कॉलेजात गेलो. तोवर साहेबांना जबड्यावर दातांच्या खुणा सापडल्या होत्या. कुठल्या मोठ्या माशाने चावा घेतला होता म्हणे. मी पेटी उघडली आणि सांगितले की ओरखडे माझ्या पात्याचे आहेत, खरा मासा हा. त्यांनी तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि हसले.

"सुरेख केलीस. इतकी, की तुझा तूच फसलास. ठेव तुझ्याकडे, आठवण म्हणून."

तिथे बसलेले दोघे मास्तरही हसले. मी पेटी मिटून घरी घेऊन आलो. माझी मुलगी त्याच साहेबांच्या हाताखाली शेवटच्या वर्षाला होती आणि मी भित्रा माणूस. दाराला कुलूप लावून तीनदा ओढून बघतो. त्यानंतर कॉलेजने मला काम दिले नाही. ओरखडे मात्र पुस्तकात छापून आले, चित्रासकट. साहेब आता हयात नाहीत. माझा राग हयात आहे.

मुलगी शास्त्राची शिक्षिका झाली. एकदा धीर करून तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सहावीत शाळा सोडलीत. तुम्ही यात नका पडू." तिला पेटी उघडून दाखवायची माझी इच्छाच मेली.

चार वर्षांपूर्वी मी खिशात चुंबक घालून कॉलेजच्या संग्रहालयात गेलो. रखवालदार ओळखीचा होता, काचेचे कपाट उघडून देणार होता. पोटातल्या पट्टीला चुंबक चिकटला असता म्हणजे विषय मिटला असता. कपाटापुढे माझी मुलगी तिचा वर्ग घेऊन उभी होती. मला बघून तिला आनंद झाला, याबाबत खोटे लिहिणार नाही. मुलांना म्हणाली, "हे माझे बाबा. हे असे खोटे मासे बनवतात. हा मात्र खरा आहे, नीट बघून घ्या."

चाळीस पोरांनी माझ्याकडे बघितले, मग माझ्या बाद नगाकडे. मीही नीट बघितले. रंग अजून टिकून आहे.

५. तो चुंबकही मुलीला. तो कपाटातल्या माशाला लावला नाही तर तिला काहीच मिळू नये, अशी अट आधी लिहिली होती. मग खोडली. तिची नोकरीची अजून सहा वर्षे आहेत आणि इतक्या तुकड्यांना तिने तो चावा शिकवून ठेवला आहे. चुंबक लावायचा की नाही ते तिचे तिने ठरवावे. पण पेटीतला मासा एकदा उजेडात धरावा आणि जबडा बघावा. तिथे काही नाही.

६. या मृत्युपत्राच्या दोन नकला सुनेने करून दिल्या आहेत. दोन्हींच्या पाठीवर मी फुली केली आहे. अस्सल ते हेच.

साक्षीदार:
१) कोपऱ्यावरचे डॉक्टर, सही
२) शेजारचे शिंपी, सही. यांनी चष्मा पुसून दोनदा वाचले, तोपर्यंत मी थांबलो.

स्थळ: कामाची खोली, खिडकीजवळचे टेबल.
तारीख चौदा, मंगळवार.

सही केली आहे. कागद उलटून तीनदा पाहिला. पाठ कोरी आहे.