बाजूची पडवी

माघ वद्य पंचमी, शके १८७०

पुन्हा ओली! ओसरीवरची सतरंजी, खालचं तरट, सारं. दिवाळीत नागपूरले माह्या बुढ्याच्या लघवीच्या वाटेवरची गाठ काढली. गाठ गेली अन् बांध फुटला. खोकला की धोतर ओलं, उठला की धोतर ओलं. हासला की — पण हासणं त्याले आधीबी कुठं जमत व्हतं!

मी म्हणलं, "उचला तरट. तुमची जागा आता बाजूची पडवी." गोठ्यालगतची. महिन्याचे दिवस आले की हा मले जिथं बसवत व्हता, तिथंच. तीच पोचे पडलेली थाळी, तसंच वरून वाढणं.

रंगराव माहा लेक. म्हणे, "माय, जनाची लाज धर न!"

लिही शालू — धरली नाही. मले अक्षर येत नाही. मी बोलून राह्यली, सून लिहून राह्यली.

माघ वद्य नवमी

शेजारची सुभद्राबाई ताक न्याले आली. "कारभारी दिसत नाहीत वं?"

"बाहेर बसले. कावळा शिवला त्यायले!"

पडवीतून बुढ्यानं आयकलं असंन, चांगलं आयकलं असंन. दिवसभर पोटात हासू मावेना.

फाल्गुन शुद्ध द्वितीया

शालूचे दिवस आले. पडवी तर बुढ्यानं अडवलेली! मंग राह्यली घरातच. चुलीले शिवली, पाण्याच्या माठाले शिवली. दूध फाटलं नाही, देव कोपले नाहीत. रात्री माह्या पायाले तेल लावता लावता म्हणे, "आत्याबाई, मामाजीले तिथंच राहू द्या न."

मी म्हणलं, "राहीन तो. जाते कुठं?"

फाल्गुन शुद्ध एकादशी

रंगराव नागपूरच्या डॉक्टरले पुसून आला. दुसरं ऑपरेशन हाय म्हणे. मांडीतली चिवट पट्टी काढायची अन् लघवीच्या नळीखाली झोळीवानी बांधायची. सैल बसली तर गळती तशीच. घट्ट बसली तर लघवी तुंबून जीवाशी येईन. मी म्हणलं, "झोळी बांधा, मी अंगाई म्हणतो!"

बुढा म्हणे, "मले न्या. मेलो तरी चालते. इथं नको."

रंगरावनं माह्याकडं पाह्यलं. शालूनंबी पाह्यलं.

भाकर वाढाले गेली तं बुढा खाली मान घालून म्हणे, "तू कशी बसत व्हती वं इथं?"

उभ्या जन्मात पयल्यांदा पुसलं. माह्या हातातली भाकर तशीच राह्यली. बाहेर येऊन रंगरावले म्हणलं, "ने त्याले."

शालूचा हात थांबला. लिही म्हणलं, हेबी लिही.

चैत्र वद्य तृतीया, शके १८७१

आला! मेहकरात मोटारीतून उतरला, मांडी धरून लंगडत. पण कोरडा. ओसरीवर बसून साऱ्यायसमोर खोकून दाखवलं. हासूनबी दाखवलं — काय ते दात! सुभद्राबाईले म्हणे, "पाह्य, पोलादी काम हाय!"

मी नवी सतरंजी आथरली. शालूनं पडवी झाडली. कोणी सांगतलं नव्हतं तिले.

चैत्र वद्य एकादशी

बुढा आता जेवताना मीठ कमी म्हणते. बरा झाला.

वैशाख शुद्ध प्रतिपदा

बुढा सकाळीच ओसरीवरून वरडला, "शालूले बाजूले बसव! माठावर सावली पडू देऊ नको!"

मी म्हणलं, "एवढ्यात इसरले?"

"माहं दुखणं व्हतं. हा इटाळ हाय."

शालू तरट घेऊन पडवीत बसली व्हती. मी तिथं गेली. शालूचा हात धरला. तो पाहून राह्यला व्हता, त्याच्यासमोरच धरला. मंग तिच्याच तरटावर बसली. आता दोघीबी इटाळशा, वहीबी इटाळली. रंगराव बैल घेऊन लोणारच्या बाजारात. घरात एकटा कोरडा माणूस हाय — चूल त्यानं पेटवावी.