ओढ्यावरच्या खोल्या

आबा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेलं की त्याचं सगळं पोटात घालायचं असतं म्हणतात. मला ते जमलं नाही. तुमच्या फोटोचा हार मी बदलते, पण तो आईने सांगून ठेवलंय म्हणून. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यापुढे तोंड उघडायची घरात कोणाची टाप नव्हती. आता तुम्ही मध्येच उठून जाऊ शकत नाही, म्हणून लिहिते आहे.

दिघीच्या माळावरून उतरणारा ओढा आपल्या मळ्याच्या कडेने वाहायचा. पावसाळ्यात त्याला पूर आला की आई खण-नारळ घेऊन काठावर जायची आणि त्याची ओटी भरायची. मग भोसरीत वर्कशॉपं वाढली, कामगारांना राहायला जागा कमी पडायला लागली आणि तुम्हाला तो ओढा म्हणजे नुसती वाया चाललेली जमीन दिसू लागली. तुम्ही ट्रॉल्या भरभरून मुरूम टाकलात, पाण्यापुरते खाली सिमेंटचे पाइप घातलेत आणि वर खोल्यांची ओळ उठवलीत. कोणाला विचारलं नाहीत. तुमचं बघून वरच्या आणि खालच्या मळेवाल्यांनीही तेच केलं. त्या वर्षी आई ताट घेऊन निघाली, पण जाणार कुठे? खोल्यांमागे चेंबरचं लोखंडी झाकण होतं, तिथेच ती वाकली आणि झाकणावर हळदकुंकू वाहिलं. तुम्ही ओट्यावर उभे होतात. सगळ्या भाडेकरूंच्या देखत म्हणालात, "गटाराची ओटी भरतीस व्हय गं? येड लागलंय का?" कोणीतरी हसलं. आईने खण उचलून कमरेला खोचला, आत आली आणि भाकऱ्या थापायला बसली. मी परातीत पीठ काढत होते. पुन्हा कधी ती ओटी भरायला गेली नाही. त्या एका वाक्याबद्दल मी तुम्हाला कधीच माफ केलेलं नाही, आबा. करणारही नाही.

ओढा काही तुमच्या घरातला माणूस नव्हता, की तुम्ही डोळे वटारले आणि तो गप्प बसला. दर पावसाळ्यात तो मागच्या खोल्यांत शिरतो. शेवटच्या खोलीत बीडकडचा एक मेकॅनिक बायकामुलांसह राहतो. ईदला शीरखुर्म्याचं भांडं न चुकता माझ्याकडे वर येतं. गेल्या पावसाळ्यात मी खाली गेले तर त्याच्या घरात गुडघाभर पाणी, आणि धाकटी पोर पेटीवर पाय पोटाशी घेऊन बसलेली. तो चिडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "ताई, खोली सोडून जावं तं पोरीची शाळा हितं हाय. तुमीच सांगा, काय करावं?" मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या देत पाणी उपसू लागले.

यंदा आमच्या भागातल्या लोकांनी मिळून ओढ्यासाठी समिती केली. सोसायट्यांमधल्या बायका, खोल्यांमधले भाडेकरू, गावातली थोडी माणसं. महापालिकेची इंजिनिअर मुलगी येऊन बसायची, आम्ही तिला कुठे पाणी तुंबतं ते दाखवत फिरायचो. ठरलं ते अगदी साधं. पाइप काढून ओढा मोकळा करायचा, काठाला वाळा आणि करंज लावायचे, आवारांमधलं सिमेंट फोडून फटींतून पाणी जिरेल असे ठोकळे बसवायचे, गच्चीवरचं पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात सोडायचं. कुरकुर करत का होईना, प्रत्येकाने आपापल्या वाट्याचं कबूल केलं. अडलं ते आपल्या मागच्या ओळीपाशी. ती पाडल्याशिवाय ओढ्याला वाट नाही, आणि जागा भाऊकीची सामाईक. सगळ्यांचा होकार नसेल तर वरचं-खालचं सगळंच काम राहणार होतं.

देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. मी बोलायला उठले तर तुमचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, मला म्हणतात, "दादानं उभं केलेलं आमी पाडायचं? आन् तू नवऱ्याचं घर सोडून आलेली, तू भाऊकीत बोलतीस?" बाकीचे माना हलवत होते. खोल्यांमध्ये पाणी शिरतं, पोरं आजारी पडतात, खालच्या वस्तीत तर भिंत पडली, सगळं सांगून झालं. कोणी ढिम्म हललं नाही. आपल्या लोकांना मी ओळखून आहे. जिवंत माणसाशी ते घसा कोरडा पडेपर्यंत भांडतील, पण वडीलधाऱ्याने जाताना टाकलेला शब्द मोडायची त्यांची छाती नाही. मी म्हणाले, "आबांनी जाताना मला सांगितलं होतं. पोरी, ओढा मोकळा कर, माझ्या हातून चूक झाली, असं म्हणाले." हलणाऱ्या माना थांबल्या. तुमच्या खाटेशी त्या दिवशी मी एकटीच होते, हे सगळ्यांना माहीत होतं. तात्यांनी टॉवेलने डोळे पुसले. "दादाचा शब्द हाय म्हनल्यावर संपलं," म्हणाले. "त्यो मोडायचा न्हाई."

तुम्ही खरं काय म्हणाला होतात ते तुम्हाला आठवतं का? तुम्ही म्हणालात, "मागची भिंत हातभर वर घे. पाणी खालच्यांकडं जाऊ दे." त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत.

आता खोल्या रिकाम्या होत आहेत. मेकॅनिकचं बिऱ्हाड मी वर आणलंय, तुमच्या बैठकीच्या खोलीत. तिथला तुमचा फोटो हलवलेला नाही. बसा बघत. आणि गावात काय चाललंय ऐका. आबा किती लांबचा विचार करणारा माणूस होता म्हणे. तात्यांनी समितीत ठराव मांडलाय, काठाला तुमच्या नावाची पाटी लावायची. ज्याने ओढा बुजवला त्याची पाटी, आणि जिने त्याची ओटी भरली तिची आठवणही कोणाला नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तुमची तर मेल्यावरही गेली नाही. अजून सगळं तुमच्याच नावावर चढतं. खरं सांगितलं तर तात्या त्याच दिवशी शब्द फिरवतील. म्हणून मी दात-ओठ खात गप्प बसते आणि पाटीला हो म्हणते.

हे कागद घरात ठेवणं परवडायचं नाही. लिहून झालं की फाडून टाकीन. पण एक गोष्ट तुम्हाला सोडून कोणाला सांगता येण्यासारखी नाही. सभामंडपात मी ते खोटं बोलले तेव्हा ते तुमच्याच आवाजात माझ्या कानावर आलं, आणि तेवढा वेळ मला तसा बाप होता. तात्यांच्या आधी डोळे माझे भरले होते, आबा, आणि ते नाटक नव्हतं.