मला ताप आलेला नाही

बाबा,

तुमचा डोळा लागला होता, म्हणून न उठवता निघाले. सकाळभर मी घरात दिसले म्हणून काल तुम्ही परस्पर कारखान्यात फोन केलात ना? "पोरीला ताप आहे, कामावरून काढू नका"? मालकीणबाईंनी मला दारातच अडवून कपाळाला हात लावून पाहिला! सगळ्याजणी पोट धरधरून हसल्या.

तुमच्या वेळी भोंगा चुकला की नोकरीवर गदा, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे तसं राहिलं नाही. मालकीणबाई आणि आम्ही एकत्र बसून ठरवलंय, की शिलाईचं मशीन थांबता कामा नये. त्यावर कोणी कधी बसायचं ते आमचं आम्ही बघायचं. माझ्या जोडीदारणीची मुलं दुपारी घरी येतात, म्हणून ती सकाळी बसते आणि दुपारनंतर मी. काम चोख होतंय. तेव्हा माझ्यासाठी खोटं बोलू नका, नोकरी कुठे पळून जात नाही.

भाजी झाकून ठेवलीय. कोपराला मलम लावा, घसरून पडलात त्याची सूज अजून पुरती उतरलेली नाही.

सकाळचा वेळ मी मुद्दाम मागून घेतलाय. कशासाठी ते विचारू नका. फक्त आंघोळीला जाताना आतून कडी लावू नका. मी बाहेरच असते.